दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या क्वार्टरबॅकची पारख कशी करावी?

प्रश्न: इंडियानापोलिसकर

नमस्कार. आम्ही इंडियानापोलिसला राहतो. माझे पती ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असल्यामुळे कॉलेज फुटबॉल (अर्थात अमेरिकन फुटबॉल) आमच्या घरात पूर्वीपासून आहे. मात्र २०२३ पर्यंत शनिवारचा सामना हरण्यासाठीच असतो, अशी सगळ्यांची समजूत झालेली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर कर्ट सिग्नेटी यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. २०२४ मध्ये ओहायो विद्यापीठातून (ओहायो स्टेट नव्हे, अथेन्स गावातले) आलेल्या कर्टिस रोर्कने क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, जागा सांभाळली आणि संघाने ११ सामने जिंकले. पुढच्या वर्षी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे ‘कॅल’मधून, फर्नांडो मेंडोझा आला. त्यानंतरचे सर्वांना ठाऊकच आहे: १६ पैकी १६ विजय, मेंडोझाला हाइझमन ट्रॉफी (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद.

माझा प्रश्न या यशाच्या आधीच्या काळाबद्दल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तो येणार असे जाहीर झाले तेव्हा मी त्याचे कॅलमधले आकडे काढून पाहिले होते. ३८६ पैकी २६५ पास पूर्ण, ३,००४ यार्ड, १६ टचडाउन, ६ इंटरसेप्शन आणि तब्बल ४१ सॅक. (ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते: चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन, आपला पास प्रतिस्पर्ध्याने झेलला की इंटरसेप्शन, आणि क्वार्टरबॅकने पास फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला मागे गाठून पाडले की तो सॅक.) त्या हंगामात कॅलने ६ सामने जिंकले आणि ७ गमावले. हे सगळे वाचून ‘बरा दिसतो’ यापलीकडे काही म्हणणे मला शक्य झाले नाही, आणि वर्षभरात तोच खेळाडू देशातला सर्वोत्तम ठरला.

ही वेळ आता दर वर्षी येणार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद) सुरू झाले, २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बसून राहण्याची अट गेली, २०२४ मध्ये बदल्यांच्या संख्येवरची मर्यादाही उठली. मेंडोझा व्यावसायिक फुटबॉलकडे वळला आहे आणि त्याच्या जागी बाहेरूनच कोणी येणे यात आता नवल राहिलेले नाही. तेव्हा पहिला स्नॅप (डाव सुरू करताना चेंडू मागे देणे) होण्याआधी, नुसते जुने आकडे आणि जुन्या सामन्यांचे व्हिडिओ हाताशी असताना, माझ्यासारख्या प्रेक्षकाने नेमके काय पाहावे? त्या ४१ सॅकचा दोष खेळाडूकडे जातो की त्याच्या रक्षणासाठी पुढे उभ्या असलेल्या पाच जणांकडे, म्हणजे लाइनकडे? माझा मुलगा म्हणतो की आकड्यांशिवाय सगळे भावनिक बोलणे आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की सिग्नेटींनी निवडला म्हणजे चांगलाच असणार. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

उत्तर: चौथा डाउन

मेंडोझाबाबत काही खुणा आधीच दिसत होत्या, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांत त्या जवळजवळ नव्हत्या. याला कारण त्या आकड्यांची घडणच आहे.

कॉलेज फुटबॉलमध्ये पासचे रेटिंग म्हणून जो आकडा छापला जातो, तो असा काढतात: यार्डांना ८.४ ने, टचडाउनच्या संख्येला ३३० ने आणि पूर्ण झालेल्या पासना १०० ने गुणून बेरीज करायची, दर इंटरसेप्शनमागे २०० वजा करायचे आणि जे उरेल त्याला एकूण फेकलेल्या पासनी भागायचे. मेंडोझाचे २०२४ चे आकडे या सूत्रात घातले की १४४.६ येतात, आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा (एलएसयू) क्वार्टरबॅक जो बरो याच्या २०१९ च्या अचाट हंगामाचे घातले की २०२ च्या आसपास येतात. आता या सूत्रात सॅक कुठे आहे ते शोधून पाहा. कुठेही नाही. संकट ओळखून चेंडू मैदानाबाहेर फेकून देणाऱ्या क्वार्टरबॅकचा तो पास अपूर्ण म्हणून मोजला जातो आणि त्याचे रेटिंग घसरते. चेंडू कवटाळून सात यार्ड मागे पडणाऱ्याचे रेटिंग जसेच्या तसे राहते. म्हणजे जी चूक संघाला अधिक महाग पडते, तीच या आकड्यात दिसत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सॅकमुळे गेलेले यार्ड संघाच्या पासच्या यार्डांतून वजा होतात, तर कॉलेजमध्ये ते क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतात. त्यामुळे एखाद्याच्या नावापुढे हंगामभरात धावण्याचे जेमतेम शंभर यार्ड दिसले तर ‘हा पळत नाही’ असा अर्थ काढू नये; कदाचित तो बराच पळलेला असतो आणि सॅकने ते सगळे खाऊन टाकलेले असते. मेंडोझाबद्दल ही गैरसमजूत अनेकांची होती. अंतिम सामन्यात चौथ्या डाउनवर (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्यावर) १२ यार्ड धावून, धडका खात, त्याने टचडाउन केला तेव्हा ती दूर झाली.

पूर्ण पासच्या टक्केवारीचेही असेच आहे. बो निक्स हा क्वार्टरबॅक ऑबर्न विद्यापीठात तीन वर्षे खेळला आणि एकाही वर्षी ६२ टक्क्यांपर्यंत पोचला नाही. ओरेगनला गेल्यावर दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याने ७७.४ टक्क्यांचा विक्रम केला. तो सुधारला यात शंका नाही, परंतु ओरेगनच्या योजनेत डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या आसपास फेकायचे आखूड पास मुबलक होते, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा टक्केवारी पाहिली की लगेच विचारावे की पास सरासरी किती यार्ड लांब फेकलेले होते. पंधरा यार्डांपलीकडच्या पासची टक्केवारी वेगळी मिळत असेल तर तीच घ्यावी आणि बाकीची बाजूला ठेवावी.

व्हिडिओ पाहताना बहुतेक लोक त्याचे उत्तम पास पाहतात. माझा सल्ला असा की त्याचे चुकलेले पास पाहा. कोणताही क्वार्टरबॅक दर सामन्यात दहा-बारा पास चुकवतो. प्रश्न हा आहे की ते कुठे चुकतात. बाहेरच्या रेषेकडे किंवा रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) पायापाशी पडणारा चुकीचा पास फक्त एक डाउन घालवतो. मैदानाच्या मध्यभागी रिसीव्हरच्या डोक्यावरून जाणारा पास मागे उभ्या असलेल्या बचावपटूच्या, म्हणजे सेफ्टीच्या, हातात जातो. पहिल्या प्रकारचे चुकणारा खेळाडू नव्या संघातही फारसे नुकसान करत नाही. दुसऱ्या प्रकारच्या चुका वारंवार दिसल्या तर मला धास्ती वाटते, कारण त्या बहुधा पायांच्या ठेवणीतून येतात आणि एका उन्हाळ्यात जात नाहीत. मेंडोझाचे २०२४ चे चुकलेले पास बहुतांशी पहिल्या प्रकारचे होते. ही माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण होती आणि कोणत्याही तक्त्यात ती नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर त्याची मान कुठे वळते. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यात रिसीव्हर सगळे दिसत नाहीत, पण क्वार्टरबॅकचे हेल्मेट दिसते. हेल्मेट एकाच दिशेला खिळून राहिले आणि मग तो पळाला, तर समजावे की त्याला एकच वाचन येते, म्हणजे तो एकाच रिसीव्हरचा विचार करतो. हेल्मेट डावीकडून मध्याकडे आणि मध्यातून उजवीकडे गेले आणि पायही त्याबरोबर वळले, तर तो पुढच्या पातळीवर टिकणार असे मी समजतो.

आता सॅकबद्दल. लोक त्याचा दोष लाइनला देऊन मोकळे होतात, पण ज्यांनी या विषयाचा आकडेशास्त्रीय अभ्यास केला आहे त्यांचे निरीक्षण वेगळे आहे. दबाव किती वेळा येतो यात लाइनचा वाटा मोठा असतो. पण आलेल्या दबावापैकी किती वेळा सॅक होतो, हे प्रमाण बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकचे स्वतःचे असते आणि संघ बदलला तरी त्याच्याबरोबर जाते. म्हणून ४१ हा आकडा मला खटकला होता आणि कोणत्याही नव्या खेळाडूच्या बाबतीत तो खटकायलाच हवा. इंडियानाने यावर जो उपाय केला तो योजनेतला होता: आरपीओ, म्हणजे स्नॅपनंतर बचावपटूची हालचाल पाहून चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की लगेच फेकायचा हे ठरवण्याचे डाव, त्याच्यासाठी भरपूर ठेवले. चेंडू हातात राहण्याचा वेळच घटला.

उत्तर: बे एरियातला प्रेक्षक

‘चौथा डाउन’ यांचे बहुतेक विवेचन मला मान्य आहे, परंतु सॅकबाबत त्यांनी खेळाडूवर थोडा अन्याय केला आहे. मी २०२४ मध्ये बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियममध्ये बसून कॅलचे सामने पाहिले आहेत. (हे स्टेडियम हेवर्ड भूकंपरेषेवर बांधलेले आहे, आणि त्या हंगामात कॅलची लाइन पाहताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नसे.)

जेडन ऑट हा धावपटू २०२३ मध्ये १,३०० यार्डांहून अधिक धावला होता. २०२४ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम विस्कटला आणि त्याच्याबरोबर कॅलचा धावण्याचा खेळही गेला. याचा परिणाम क्वार्टरबॅकवर कसा होतो ते सांगतो. पहिल्या डाउनवर धाव रोखली गेली, दुसऱ्यावर पुन्हा रोखली गेली, की तिसऱ्या डाउनवर नऊ यार्ड हवे असतात आणि समोरच्या अकराही जणांना ठाऊक असते की आता पासच येणार. बचावाच्या कडेचे खेळाडू धावेची पर्वा न करता सरळ क्वार्टरबॅकवर सुटतात. अशा स्थितीत झालेला सॅक आणि पहिल्या डाउनवर, सगळे पर्याय खुले असताना झालेला सॅक हे एकाच खात्यात लिहिणे बरोबर नाही. इंडियानापोलिसकर यांना माझा व्यावहारिक सल्ला असा की सॅकची नुसती संख्या पाहू नये. प्रत्येक सॅक कोणत्या डाउनवर आणि किती यार्ड हवे असताना झाला, हे सामन्याच्या डावनिहाय नोंदीत मिळते. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यातून जे कळते ते हंगामाच्या बेरजेतून कळत नाही.

विजय-पराभवाचा हिशेब तर मी क्वार्टरबॅकच्या नावावर लिहूच नये असे म्हणेन. कॅलचे २०२४ चे चार पराभव एकूण ९ गुणांच्या फरकाने झालेले आहेत: फ्लोरिडा स्टेटकडून १४-९, मायामीकडून ३९-३८, पिट्सबर्गकडून १७-१५ आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून २४-२३. मायामीविरुद्ध आम्ही तिसऱ्या सत्रात ३५-१० ने पुढे होतो आणि माझ्या शेजारचे लोक घरी फोन करून निकाल सांगू लागले होते. इतरत्र किकरचे हुकलेले फील्ड गोल आडवे आले. हे चार निकाल उलटे लागले असते तर तोच मेंडोझा, तेच आकडे, आणि डिसेंबरमध्ये त्याच्याबद्दलचे मत मात्र पूर्ण वेगळे असते.

त्याच्याबद्दल माझे स्वतःचे मत स्टॅनफर्डविरुद्धच्या सामन्यात बनले. आम्ही मागे होतो, चेंडू आमच्या दोन यार्डांच्या रेषेवर होता, आणि तिथून ९८ यार्डांची चाल करून त्याने जोनाथन ब्रेडीला २२ यार्डांचा टचडाउन पास दिला. सामना २४-२१ असा जिंकला. (हा ब्रेडीही पुढे ब्लूमिंग्टनलाच गेला.) लांब पास प्रेक्षणीय असतात, पण मला त्या चालीत लक्षात राहिला तो त्याचा डावांमधला वेळ. घाई दिसत नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये पेन स्टेटच्या मैदानावर इंडियाना २०-२४ ने मागे असताना, दोन मिनिटांहून कमी वेळ आणि एकही टाइमआउट शिल्लक नसताना, चालीच्या पहिल्याच स्नॅपवर तो सॅक झाला. तरीही ८० यार्ड पार करून ओमर कूपरने मागच्या रेषेच्या आत जेमतेम पायाची बोटे टेकवून झेल घेतला आणि २७-२४ झाले, तेव्हा ब्लूमिंग्टनच्या लोकांना चमत्कार वाटला असेल. आम्ही तो प्रकार एक वर्ष आधी पाहिलेला होता.

म्हणून ‘सॅक क्वार्टरबॅकबरोबर प्रवास करतात’ या विधानाला मी एक पुस्ती जोडतो: सॅकनंतरचा डावही त्याच्याबरोबर प्रवास करतो. पाडला गेल्यावर पुढच्या स्नॅपला तो चेंडू लवकर सोडतो का, नजर खाली जाते का, पाय आखडतात का, हे पाहावे. ज्याची नजर रिसीव्हरांवरून उतरून धावून येणाऱ्यांवर जाते, त्याला कितीही चांगली लाइन दिली तरी उपयोग होत नाही.

उत्तर: रविवार पहाट, पुणे

वरील दोन्ही उत्तरांत खेळाडूचीच तपासणी आहे. मला वाटते की तितकीच तपासणी तो जिथे जातो त्या संघाची व्हायला हवी, आणि तिथे इंडियानापोलिसकर यांच्या पतींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. फक्त ते अर्धे आहे.

आपल्याकडे रणजी स्पर्धेत खेळाडू राज्य बदलतात. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. पण फलंदाज संघ बदलतो तेव्हा त्याची खेळी त्याच्याबरोबर येते. क्वार्टरबॅकला मात्र डाव पुकारण्याची पद्धत, लाइनला द्यायच्या सूचना आणि रिसीव्हरांच्या धावांची वेळ हे सर्व नव्याने शिकावे लागते. म्हणून पहिला प्रश्न असा की नव्या संघाची योजना त्याला किती परकी आहे. ज्यांचे स्थलांतर विलक्षण यशस्वी झाले, त्यांतल्या दोघांच्या बाबतीत योजना परकी नव्हतीच. ब्लूमिंग्टनकरांना मायकल पेनिक्स आठवत असेल. इंडियानातली त्याची चारही वर्षे दुखापतीने अर्धवट राहिली, उजव्या गुडघ्याचा एसीएल (सांध्यातला अस्थिबंध) दोनदा फाटला, आणि २०२१ मध्ये पाच सामन्यांत ५३.७ टक्के पूर्ण पास, ४ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन असा त्याचा हिशेब होता. हे आकडे घेऊन तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि पहिल्याच हंगामात ४,६४१ यार्ड फेकले. तिथले नवे मुख्य प्रशिक्षक केलन डीबोअर २०१९ मध्ये इंडियानाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे डाव आखणारे प्रशिक्षक, होते. पेनिक्स निरोगी असताना काय करू शकतो हे त्यांनी रोज सरावात पाहिलेले होते. निक्सच्या बाबतीतही केनी डिलिंगहॅम हे २०१९ मध्ये ऑबर्नला आणि २०२२ मध्ये ओरेगनला त्याचे कोऑर्डिनेटर होते. आपण तक्ता वाचत होतो. त्या प्रशिक्षकांना तक्त्याची गरज नव्हती.

जो बरोचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. तो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षांत केवळ ३९ पास फेकून २०१८ च्या उन्हाळ्यात एलएसयूला आला, म्हणजे वसंतातल्या सरावाला मुकला. पहिल्या वर्षी ५७.८ टक्के आणि १६ टचडाउन. त्या वेळी कोणी त्याला सामान्य म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून प्रशिक्षक जो ब्रेडी आले, पासची योजना बदलली, आणि ७६.३ टक्के, ६० टचडाउन, १५ पैकी १५ विजय असा हंगाम झाला. खेळाडू तोच, जर्सी तीच. पहिल्या वर्षावरून निकाल देणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

मात्र ही सगळी यशाची उदाहरणे आहेत, आणि यशस्वी लोकच आठवणीत राहतात म्हणून आपला अंदाज बिघडतो. डीजे उइआगालेले क्लेम्सनहून ओरेगन स्टेटला गेला, तिथे २०२३ मध्ये २१ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन असा चांगला हंगाम खेळला, आणि २०२४ साठी फ्लोरिडा स्टेटने त्याला घेतले. तो संघ आदल्या वर्षी १३-१ (१३ विजय, १ पराभव) होता. कागदावर हे स्थलांतर अगदी शहाणपणाचे होते. प्रत्यक्षात पाच सामन्यांत ४ टचडाउन, ६ इंटरसेप्शन, एक विजय. मग हाताला दुखापत झाली आणि संघाचा हंगाम २-१० असा संपला. माझ्या मते तिथे चूक खेळाडूच्या पारखीत कमी आणि संघाच्या पारखीत जास्त होती. कीऑन कोलमन आणि जॉनी विल्सन हे दोन उंचपुरे रिसीव्हर एनएफएलला गेलेले होते, आणि आधीच्या क्वार्टरबॅकने, जॉर्डन ट्रॅव्हिसने, स्वतःच्या चपळाईने लाइनची जी उणीव झाकली होती ती आता उघडी पडली. संघाची १३-१ ही कामगिरी नव्या माणसाला वारशात मिळत नाही.

इंडियानाकडे २०२५ मध्ये काय होते तेही याच नजरेने पाहावे. एलायजा सॅरट आणि ओमर कूपर हे रिसीव्हर आधीपासून होते, कोऑर्डिनेटर माइक शॅनहन तेच होते, आणि लाइनच्या मध्यभागी नोत्रदामहून पॅट कूगन आणला गेला. मेंडोझाच्या येण्याची बातमी मोठी झाली, कूगनच्या येण्याची झाली नाही. नवा क्वार्टरबॅक आला की मी त्याच आठवड्यात सेंटर आणि टॅकल (लाइनच्या मध्यावरचा आणि कडेचे खेळाडू) कोण आहेत ते पाहतो.

राहता राहिली दुखापत. रोर्क २०२४ चा अख्खा हंगाम गुडघ्याचा एसीएल फाटलेला असताना खेळला, हे हंगाम संपल्यावर उघड झाले. प्रेक्षकांपैकी कोणाला त्याची गंधवार्ता नव्हती. जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना क्वार्टरबॅक कार्सन बेकच्या कोपराला दुखापत झाली, त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि मग मायामीला जाऊन संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. वैद्यकीय अहवाल आपल्या हाती येत नाहीत, म्हणून या बाबतीत प्रशिक्षकांवर भिस्त ठेवण्यावाचून इलाज नाही. पैशाचेही तसेच: २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, पण क्वार्टरबॅकच्या आकड्याबद्दल ज्या बातम्या येतात त्यांवरून त्याच्या खेळाबद्दल काहीही अनुमान काढू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर: इंडियानापोलिसकर

तिघांचेही मनापासून आभार. डावनिहाय नोंद घेऊन बसण्याचे काम मुलाकडे सोपवले आहे; त्याने कॅलच्या चार पराभवांपासून सुरुवात केली असून जेवायला उठायला तयार नाही. एक शंका उरली. एप्रिलमध्ये ब्लूमिंग्टनला वसंतातला सराव सामना होतो आणि आम्ही सहकुटुंब जातो. चुकलेले पास, हेल्मेटची दिशा आणि सॅकनंतरचा डाव, या तीन गोष्टी तिथे पाहता येतील का? की हंगाम सुरू होईपर्यंत थांबावे?

उत्तर: चौथा डाउन

सराव सामन्याला अवश्य जा, पण सॅकनंतरचा डाव तिथे पाहायला मिळणार नाही. अशा सामन्यांत क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाची जर्सी घालतो आणि त्याला पाडायची परवानगी नसते. बचावपटूने नुसता हात लावला की शिटी वाजते. कोणी अंगावर येणार नाही हे ठाऊक असताना प्रत्येकाचे पाय शांत असतात. शिवाय दोन्ही बाजू एकाच संघाच्या असल्याने योजनाही मुद्दाम साधी ठेवलेली असते. हेल्मेटची दिशा मात्र तिथे उत्तम दिसते, आणि वरच्या रांगेत जागा मिळाली तर रिसीव्हरांच्या धावाही दिसतात, ज्या टीव्हीवर दिसत नाहीत.

बे एरियातल्या प्रेक्षकांनी डाउन आणि यार्ड यांवरून सॅक वेगळे करण्याची जी सूचना केली ती योग्य आहे. माझी भर इतकीच की तिसऱ्या डाउनवरचे बाजूला काढल्यावर उरलेले पहिल्या डाउनवरचे सॅक मोजायला विसरू नये. खेळाडूचा स्वतःचा वाटा तिथे दिसतो. चिरंजीवांना तेवढे सांगा.

हंगामातल्या पहिल्या सामन्यांवरही फार विसंबू नका. २०२५ मध्ये ओल्ड डोमिनियनविरुद्धच्या सलामीला मेंडोझाने ३१ पैकी १८ पास पूर्ण केले, एकही टचडाउन पास नाही, आणि इंडियाना २७-१४ ने जिंकली तेव्हा त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. दोनच आठवड्यांनी इंडियाना स्टेटविरुद्ध २० पैकी १९ पास आणि ७३-० असा निकाल लागला तेव्हा तीच माणसे हुरळून गेली. दोन्ही सामन्यांवरून फारसे काही ठरत नव्हते. इलिनॉयला ६३-१० ने हरवले तो सामना मोलाचा होता, पण तो घरच्या मैदानावर होता आणि लवकरच एकतर्फी झाला.

मी थांबलो होतो ते आयोवाच्या सामन्यासाठी. परक्या मैदानावर, गोंगाटात, फार काही न सुचू देणाऱ्या बचावासमोर सामना शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत अडकलेला होता, आणि तिथे सॅरटला ४९ यार्डांचा टचडाउन पास देऊन इंडियाना २०-१५ ने जिंकली. त्या एका पासपेक्षा आधीचे अडखळलेले डाव अधिक पाहण्यासारखे आहेत: एक इंटरसेप्शन झाले, कितीतरी चाली वाया गेल्या, आणि तरी नजर वरच राहिली. येत्या हंगामाच्या वेळापत्रकात बिग टेनमधला (इंडियाना ज्या गटात खेळते त्यातला) पहिला परगावचा सामना कोणता आहे ते शोधा, आणि त्यात तिसऱ्या डाउनवर सात किंवा अधिक यार्ड हवे असतानाचे स्नॅप तेवढे मुलाला वेगळे लिहून ठेवायला सांगा. मीही लिहीन, आपण दोन्ही याद्या इथे ताडून पाहू.